मदत हवी आहे : गुडघे दुखणाऱ्या आईला इस्तंबूलच्या हमाममध्ये नेता येईल का?

नोव्हेंबरमध्ये आई आणि मी इस्तंबूलला जातोय. जुन्या हमाममध्ये, म्हणजे तिथल्या गरम सार्वजनिक स्नानगृहात, एकदा जायचंच आहे. चेंबरलिताश मनात आहे: १५८४ चा, उस्मानी वास्तुकार मिमार सिनानच्या काळातला, आणि बायकांचा विभाग वेगळा. किलिच अली पाशाही पाहिला, पण तिथे दालन एकच. दिवसा बायका, संध्याकाळी पुरुष. आमची दिवसाची फिरस्ती ठरलेली, म्हणून तो बाजूला ठेवलाय. हॉटेलातला स्पा सुचवू नका, तो इथेही मिळतो.

अडचण आईची आहे. वय अडुसष्ट, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी थोडा वेळ उष्णतेत बसायला हरकत नाही म्हटलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण मधल्या तापलेल्या संगमरवरी ओट्यावर आडवं होऊन खरखरीत हातमोज्याने अंग घासून घ्यायचं, मग फेस, मग पालथं व्हायचं... ओल्या फरशीवर हे तिला जमेलसं वाटत नाही. भिंतीलगत कुरना, म्हणजे पाण्याची दगडी कुंडं असतात. तिथे बसून स्वतःच अंगावर पाणी घेण्याचं साधं तिकीट असतं, हे वाचलंय. पण तिला घासून घ्यायचंच आहे! हमामला ईमेल केला, उत्तरात नुसतं दरपत्रक आलं.

आम्हा दोघींनाही तुर्की येत नाही. बायकांच्या विभागात कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर सांगा: तिथल्या सेविका ओट्याऐवजी कुरनेपाशी बसवून घासून देतात का, आणि हे तिकीट काढतानाच सांगायचं की आत गेल्यावर?