लहान मुलांना स्तंभालेख: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: माझ्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं आहेत. आवडत्या रंगाचा स्तंभालेख काढला, म्हणजे एका मुलामागे एक चौकोन आणि प्रत्येक रंगाचा एक उभा स्तंभ. चौकोन मन लावून रंगवतात, पण "निळा लालपेक्षा कितीने जास्त?" म्हटलं की गप्प. काय करू?

प्रतिसाद: कागद नंतर. मी आधी प्रत्येकाला एकेक बूट काढायला लावते. नाडीचे, पट्ट्याचे, नुसते सरकवायचे अशा रांगा. फरशीवर खडूने सारखे चौकोन आखा, एका चौकोनात एकच बूट, आणि सगळ्या रांगा एकाच रेघेपासून. नाहीतर मोठ्या बुटांची रांग उगाच लांब दिसते. मग शेजारच्या रांगांतल्या बुटांच्या जोड्या लावायच्या. बिनजोडीचे उरले तेवढे जास्त. मुलं स्वतःच बोट ठेवून मोजायला लागतात, फार छान वाटतं बघायला!

प्रतिसाद: माहिती मुलांनाच गोळा करू द्या. ताळ्याच्या खुणा शिकवा, म्हणजे एका उत्तराला एक रेघ: चार उभ्या नि पाचवी त्यांच्यावर तिरपी. विचारून झालं की यादीतल्या नावावर टिक, म्हणजे कोणी दोनदा मोजलं जात नाही. पर्याय चारच ठेवा.

प्रश्नकर्ती: खडूचे चौकोन उद्याच आखते. एखादा रंग कोणीच निवडला नाही तर?

प्रतिसाद: नाव लिहा, वरची जागा रिकामी ठेवा. शून्य असंच दिसतं.