मदत हवी आहे: सांगलीत घरी येणारे फिजिओ आणि थोडा अनुभवाचा सल्ला

आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन साडेतीन आठवडे झाले. गुडघा जेमतेम ७० अंश वाकतो. खुर्चीतून नीट उठायला ९० तरी हवेत. तो पूर्ण सरळ होत नाही, याची काळजी जास्त. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेतली जायची, त्यानं तो वाकलेलाच आखडतो. आता उशी बंद. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, १० मिनिटं, दिवसातून चारदा. व्यायामाआधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, नंतर कापडात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ. ताप नाही, पोटरी दुखत नाही, जखम कोरडी आहे.

विश्रामबागजवळ घरी येणारे फिजिओ माहीत आहेत का? कमोडवर ठेवायची उंच सीट भाड्यानं कुठे मिळेल? आणि आई रडकुंडीला आली की व्यायाम तिथेच थांबवायचा, की थोडं थांबून पुन्हा करायचा? तुम्ही घरी कसं जमवलंत?