भाऊ माझ्या हातूनच जेवतो. माझ्यामागे त्याचं कसं व्हायचं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. वय ४९. माझा मोठा भाऊ ५२ वर्षांचा आहे. त्याला घरात आणि गावात सगळे बापू म्हणतात. बापू लहानपणापासून भोळा. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता ७५ टक्के असं लिहिलेलं आहे.

बापूला काय काय येतं ते आधी सांगतो, कारण लोक नेहमी काय येत नाही तेच विचारतात. तो कापूस वेचतो, आणि असा वेचतो की त्यात पाल्याचा चुरा सापडायचा नाही. म्हशीला हौदावर नेतो, आणतो. केळीच्या बागेत मी बुंध्याशी फुटलेली पिलं कापत पुढे जातो आणि तो ती उचलून बांधावर टाकतो, एक मागे राहत नाही. गावातली प्रत्येक मोटारसायकल आवाजावरून ओळखतो. मी फाट्यावरून गावाकडे वळलो की ओट्यावरून ओरडतो, "भाऊ उना!" म्हणजे भाऊ आला.

शर्टाची बटणं त्याला लागत नाहीत. पैशाचं, वाराचं कळत नाही. कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. आणि जेवायला मी लागतो.

हे जेवणाचं जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न तिथंच आहे. ताटात उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, ठेचा असं सगळं वाढलेलं असतं. बापू ताटाच्या काठावर दोन्ही हात ठेवून बसून राहतो. मी भाकरीचा पापुद्रा काढायचा, भाकरी डाळीत कुस्करायची, बोटांनी कालवायची आणि एक घास त्याच्या बाजूला सरकवायचा. मग त्याचा हात हलतो, आणि पुढचं सगळं तो स्वतःच्या हाताने जेवतो. माय होती तोवर हे माय करायची. २०११ साली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी माय गेली. त्या रात्री भाकरी मी कुस्करली, आणि तेव्हापासून मीच कुस्करतो. परगावी लग्नाला गेलो तरी रात्रीच्या गाडीने परत. मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही, हे मनापासून लिहितोय.

गेल्या कार्तिकात ठिबकच्या नळ्या गुंडाळताना माझ्या छातीत कळ आली. पुतण्याने गाडीत घालून जळगावला नेलं. स्टेंट टाकला. नऊ दिवस तिथं होतो. त्या गडबडीत बापूला कुणी काही सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं असं सगळ्यांनी धरलं.

त्याने मला गाडीत घालताना पाहिलं होतं. गेलेली माणसं संध्याकाळच्या एसटीने येतात हे त्याला पक्कं माहीत आहे. तो रोज चार वाजल्यापासून फाट्यावर निंबाखाली जाऊन बसायचा. सहाची गाडी यायची, दार उघडायचं, तो उतरणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे पाहायचा. गाडी गेली तरी उठायचा नाही. चौथ्या दिवशी चुलतभावाने दंडाला धरून उठवलं तर त्याच्या मनगटाला चावला. उभ्या आयुष्यात बापूने कुणाला बोट लावलेलं नाही. घरात चहात बुडवलेला पाव तेवढा पोटात जायचा. ज्या शर्टात मी त्याला सोडून गेलो तोच शर्ट नवव्या दिवशी अंगात होता, कॉलर मातीने कडक झालेली.

मी उतरलो तेव्हा तो ओरडला नाही. जवळ आला, माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. आता मी संडासला गेलो तरी दाराबाहेर उभा असतो.

रात्री बायकोला विचारलं, तुझ्या हातचं तो का जेवला नाही? ती म्हणाली, "मी वीस वेळा ताट पुढं केलं. पण तुम्ही इतकी वर्षं मला मध्ये येऊच दिलं नाही. मी बटण लावायला गेले की तुम्ही म्हणायचे, राहू दे, मी लावतो." खरं आहे ते. मला वाटायचं मी तिचं काम हलकं करतोय.

डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलू नको म्हणून सांगितलंय. मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी शहाद्याला दिली. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बापूला या वयात दुसऱ्या हाताची सवय लागेल का, आणि कशी लावावी? भाऊबंद म्हणतात एखाद्या संस्थेत ठेव, त्याबद्दल कुणाचा अनुभव आहे का? आणि सातबाऱ्यावर बापूचं नाव माझ्याबरोबर आहे. काही जण म्हणतात आत्ताच त्याचा अंगठा घेऊन हक्कसोड करून टाक, नंतर पोरांना त्रास नको. मला ते बरं वाटत नाही. पण नेमकं काय करावं तेही कळत नाही.

अमळनेरची आक्का

दादा, तुमचं वाचून मी चुलीवरचं दूध उतू घातलं. माझी धाकटी बहीण ४१ वर्षांची आहे, तुमच्या बापूंसारखीच. आई गेल्यावर ती माझ्याकडे सासरी आली. तिची वेणी मीच घालायची, दुसऱ्या कुणी कंगवा घेतला की डोकं धरून किंचाळायची. माझ्या सुनेचं बाळंतपण आलं आणि मला दोन महिने नाशिकला जायचं होतं, तेव्हा मी शहाणी झाले.

एक सांगते. सवय तुम्ही घरात असतानाच लावायची. तुम्ही गेल्यावर वहिनी ताट घेऊन बसल्या तर बापूंना वाटणार, भाऊ गेला म्हणून ही बसली. तुम्ही शेजारी बसा, तुमचं ताट घ्या, भाकरी वहिनींनी कुस्करायची. पहिले काही दिवस वहिनींच्या हातावर तुमचा हात ठेवा. मी जावेच्या हातात कंगवा दिला आणि तिच्या हातावर माझा हात ठेवून पंधरा दिवस वेणी घातली. मग हात मनगटावर, मग कोपरावर, मग मी नुसती समोर बसलेली. मला तीन महिने लागले. मध्ये एकदा बहिणीला ताप आला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे, जाताना सांगून जायचं. कळो न कळो. मी जाताना दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारते. जितक्या रात्री बाहेर, तितक्या रेघा. रोज सकाळी जाऊ तिच्या हाताने एक रेघ पुसून घेते. रेघा संपल्या की आक्का येते. पहिल्यांदा एकाच रात्रीसाठी गेले आणि कबूल केल्याप्रमाणे आले. ते एकदा चुकवलंत तर मग रेघांना किंमत नाही.

विशेष_शिक्षक_धुळे

मी २२ वर्षं बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आणि प्रौढांच्या शाळेत शिकवतो. बावन्नाव्या वर्षी शिकता येतं का, तर येतं. वेग कमी असतो.

बटणांचं उदाहरण घेतो. आपण शिकवताना वरच्या बटणापासून सुरू करतो, त्याला जमत नाही आणि आपण उरलेलं लावून टाकतो. उलटं करा. सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं अर्ध्यापर्यंत काजात सरकवून ठेवा. ते ओढून घेणं एवढंच त्याचं काम. काम पुरं झालं हे त्याच्या हाताने होऊ द्या. आठवडाभर ते जमलं की शेवटचं बटण पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. सुरुवातीला मोठी बटणं आणि थोडी सैल काजं असलेला शर्ट घ्या, शिंप्याला सांगितलं की करून देतो. भाकरीचंही तसंच. डाळीत कुस्करलेली भाकरी कालवण्याचा शेवटचा हात त्याचा, इथून सुरू करा. वहिनींची सवय लागणं आणि स्वतःची सवय लागणं या दोन्ही गोष्टी हव्यात, पण एकाच आठवड्यात नको.

चावला म्हणून त्याला रागीट ठरवू नका. त्याला "भाऊ कुठं आहे" हे विचारता येत नव्हतं आणि जिथं बसून भाऊ येतो असं त्याला वाटत होतं तिथून कुणीतरी ओढत होतं.

कुठं दुखतंय ते सांगता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. यापुढे खाणं कमी झालं तर ते नुसतं मनाचं आहे असं धरू नका. दात, कान, थायरॉइड, डोळ्यातला मोतीबिंदू, हे एकदा तपासून घ्याच. मी दाढदुखीने दोन महिने मारकुटा ठरलेला माणूस पाहिलाय.

भुसावळकर_मेहुणा

कागदाबद्दल लिहितो. मी वकील नाही, पण माझ्या मेहुण्याचं कायदेशीर पालकत्व घेतलं आहे म्हणून वाट माहीत आहे.

हक्कसोड करू नका. दिव्यांग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही, हिंदू वारसा कायद्यात तसं स्पष्ट आहे. आणि ज्याला व्यवहार कळत नाही त्याच्या अंगठ्याने केलेला दस्त उद्या कुणीही कोर्टात ओढेल. तुमच्या मनाला बरं वाटत नाही ते बरोबरच आहे.

माणूस १८ वर्षांचा झाला की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, भाऊ तर नाहीच. बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिथं नातेवाईक अर्ज करू शकतो. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब. हिशोबाला घाबरू नका, भाऊबंदांची तोंडं त्यानेच बंद होतात. तुमच्या तब्येतीकडे पाहता पुढचा पालक कोण होणार हे मुलाशी, मुलीशी आत्ताच बोलून ठेवा.

त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका, मी एकदा विसरलो आणि त्याच वर्षी मेहुण्याचा पाय मोडला. संजय गांधी निराधार योजना चालू असेलच, दिव्यांगांना आता महिना २५०० झालेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तेही ग्रामसभेत विचारा.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

संस्थेचा अनुभव मी सांगतो. माझ्या भावाला आम्ही ठेवलं. आई अंथरुणाला खिळली होती, मी एकटा, दुसरा इलाज नव्हता. पहिलं वर्ष वाईट गेलं. आज तो तिथं मेणबत्त्या करतो, त्याचा एक दोस्त आहे, मी गेलो की दोस्ताला पुढे करतो. तेव्हा ठेवणारे सगळे निर्दयी असतात असं कुणी म्हणू नये.

पण तुमच्या बापूला म्हैस आहे, निंब आहे, मोटारसायकली आहेत. घरात वहिनी आहेत आणि त्या तयार आहेत. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता नेलं नसतं. मात्र एखादी चांगली जागा बघून ठेवा, दोघं मिळून एकदा जाऊन या.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहितोय.

आक्का, तुमचं ऐकलं. पहिल्या रात्री बायकोच्या हातावर हात ठेवला तर बापूने ताट तिच्याकडून काढून माझ्यापुढे सरकवलं. तसं अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी भरीत होतं, मी मुद्दाम केलं नव्हतं, पण वांग्याचा वास आला आणि त्याचा हात आपोआप ताटात गेला. कुस्करलं होतं बायकोने. ती काही बोलली नाही, पाणी आणायला म्हणून उठली आणि बराच वेळ आत राहिली. आता मी ओट्यावर बसतो आणि ते दोघं आत जेवतात. मला आतून भांड्यांचा आवाज येतो.

गुरुजी, शेवटची दोन बटणं त्याची झाली. तिसऱ्याला ओढाताण होते. दातांच्या डॉक्टरकडे नेलं, खालच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. किती दिवस दुखत असतील, कोण जाणे. तो ठेचा बाजूला सारायचा तेव्हा मी नखरे समजायचो.

हक्कसोडीचं बोलणं मी घरात बंद केलं. पालकत्वाच्या अर्जाची कागदं जमवतोय. मुलगी म्हणाली, "पप्पा, माझं नाव पुढं घाला, काका मला ओळखतो." जावयांशी बोलणं व्हायचंय.

येत्या मंगळवारी मला तपासणीला जळगावला जायचं आहे, एक रात्र राहावं लागेल. चौकटीवर एक रेघ मारून ठेवलीय. बापूला तीनदा दाखवली, खडू त्याच्याच हातात दिला. त्याने शेजारी आपल्या मनाने आणखी एक रेघ ओढली, ती मी पुसू की राहू देऊ हे तेवढं आक्कांनी सांगावं.