दिवसाला दोन तास पाणी येणाऱ्या शहरात स्मार्ट मीटर: कोणता घ्यावा, आधी काय करावं?

नळजोड (प्रश्न)
नगरपरिषदेच्या हद्दीत ४,२०० नळजोडण्या, दोन उंच टाक्या, रोज दोन तास पुरवठा. सगळ्या घरांना एएमआर मीटर (रीडिंग रेडिओने आपोआप पाठवणारे) बसवायचं टेंडर निघणार आहे. लोकांचा आक्षेप एकच: ‘मीटर हवेवर पळतो, आम्ही हवेचे पैसे का भरायचे?’ पुरवठादार अल्ट्रासॉनिक मीटर (ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा) आणि लोरा नेटवर्क (टॉवरवर लांबून रीडिंग घेणारी रेडिओ यंत्रणा) घ्या म्हणतात. पंखा फिरवून मोजणारा मेकॅनिकल चालेल का? रीडिंग गाडीतून फिरून घ्यावं की टॉवर उभारावा?

गळतीशोध
घरचे मीटर नंतर. आधी दोन्ही टाक्यांच्या आउटलेटला बल्क मीटर (मुख्य लाइनीचं एकूण पाणी मोजणारा) लावा आणि शहराचे ५०० ते ८०० जोडण्यांचे झोन पाडा. प्रत्येक झोनला पाणी एकाच ठिकाणाहून शिरलं पाहिजे. हद्दीवरचे व्हॉल्व्ह खरंच बंद होतात का, हे प्रेशर गेजने तपासा: झोनचा पुरवठा बंद केल्यावर आत दाब शून्यावर आला नाही, तर कुठूनतरी पाणी शिरतंय. जुन्या नकाशात नसलेली एखादी लाइन हमखास सापडते.

मग गळती मोजा. रात्री वापर जवळजवळ नसतो, म्हणून तेव्हाचा किमान प्रवाह म्हणजे बहुतेक गळतीच. रोज दोन तासच पाणी असेल, तर तो आपोआप कळत नाही. त्यासाठी एखाद्या रात्री एका झोनचं पाणी मुद्दाम चालू ठेवा, घरांच्या टाक्या भरू द्या आणि २ ते ४ या वेळेत बल्क मीटर बघा. ६०० जोडण्यांच्या झोनमध्ये तेव्हाही ताशी ६,००० लिटर जात असतील, तर प्रत्येक जोडणीमागे ताशी १० लिटर. यात घरांच्या टाक्यांवरून वाहणारं पाणीही येतं, म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) नसलेली घरं आधी हुडका.

नागपूरनेही २४ तास पाणी एकदम सगळीकडे दिलं नाही, धरमपेठेत पथदर्शी प्रकल्प करून पुढे गेले.

मीटरबेंच
हवेची तक्रार खरी आहे. चावी उघडली की रिकाम्या लाइनीतली हवा आधी घरांच्या नळांतून बाहेर पडते आणि मल्टिजेटचा, म्हणजे नेहमीच्या मेकॅनिकल मीटरचा, पंखा तिच्यावरही फिरतो. अल्ट्रासॉनिक मीटर रिकामा पाइप ओळखून मोजणी थांबवतो, पण बुडबुडे मिसळलेलं पाणी आलं की खरं पाणीही थोडं सोडून देतो. म्हणजे लोकांचं नुकसान थांबतं, नगरपरिषदेचं थोडं होतं. उपाय लाइनीवरच करा: उंचवट्यावर हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह आणि झोनची चावी एका दमात न उघडता १०-१५ मिनिटांत उघडणं. व्हॉल्व्हमनला हे पटवणं टेंडरपेक्षा अवघड, तरी करा.

आता मीटरवरच्या ‘आर’ आकड्याचं. कायम प्रवाह (मीटर सतत पेलू शकतो तो) भागिले तो नीट मोजतो तो सर्वांत कमी प्रवाह, म्हणजे आर. १५ मिमी मीटरचा कायम प्रवाह ताशी २,५०० लिटर. आर८० असेल तर तो ताशी ३१ लिटरपासून नीट मोजतो, आर१६० साडेपंधरापासून, आर४०० सव्वासहापासून. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरने ६७५ लिटर लागतात. ते दोन तासांत भरायचे तर प्रवाह ताशी साधारण ३४० लिटर, तिथे आर८० पुरेसा. पण पुढे २४ तास पुरवठा करणार असाल, तर फ्लोट व्हॉल्व्हमधून पाणी थेंबथेंब येतं आणि ते आर८० ला नीट मोजता येत नाही. तेव्हा आर१६० च्या खाली जाऊ नका.

बसवताना: मीटरआधी गाळणी आणि बंद करायचा व्हॉल्व्ह, मीटरनंतर एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह). पुढचा पाइप थोडा वर उचला, म्हणजे पाणी गेल्यावरही मीटर भरलेला राहतो. मेकॅनिकल घेतलात तर पंख्याचे फेरे मोजून रीडिंग पाठवणारा रीड स्विचवाला (चुंबकाने चालणारा) पल्स नको, बाहेरून लोहचुंबक लावला की मोजणी बंद. चुंबकाशिवाय चालणारा इंडक्टिव्ह सेन्सर मागा. आणि फेरूलपासून (मुख्य लाइनीवरच्या घरजोडणीच्या तोंडापासून) मीटरपर्यंतचा गंजका जीआय (लोखंडी) पाइप बदलून २० मिमी एमडीपीई (प्लास्टिकचा) टाका, नाहीतर गळती मीटरच्या आधीच राहील.

लोरावाला
४,२०० जोडण्यांना गाडीतून फिरून रीडिंग पुरतं, बिल दोन महिन्यांनी असेल तर नक्कीच. टॉवरचा खरा फायदा बिलासाठी नाही. सगळ्या मीटरचं एकाच वेळचं रीडिंग मिळतं, म्हणून झोनमध्ये शिरलेलं आणि घरांत पोचलेलं पाणी शेजारी ठेवता येतं. हाती रीडिंगला तीन आठवडे लागत असतील तर तो हिशेब जुळणारच नाही.

लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतं, परवाना लागत नाही. अडतं ते मीटर चेंबरवर. बिडाचं झाकण सिग्नल अडवतं, पावसाळ्यात चेंबर भरला की उरलासुरलाही जातो. एफआरपीचं (फायबरचं) झाकण, आयपी६८ (पाण्यात बुडाला तरी चालणारा) मीटर, शक्यतो जमिनीच्या वर भिंतीवर. सिग्नल कमजोर असला की मीटर एसएफ७ वरून एसएफ१२ वर जातो (हे लोराचे वेगाचे टप्पे, आकडा मोठा तितकं प्रसारण हळू), तोच संदेश पाठवायला वीस पटींहून जास्त वेळ लागतो आणि दहा वर्षांची म्हणून दिलेली बॅटरी फार आधी बसते. अट अशी लिहा: नोंद दर तासाला, प्रसारण दिवसातून एकदा, बॅटरीची हमी एसएफ१२ धरून.

नळजोड
आभारी आहे. आधी बल्क मीटर आणि एक झोन, असंच करतो. दर कसे ठेवावेत?

गळतीशोध
कराडजवळच्या मलकापूरची २४ तास योजना बघून या. एएमआर मीटर आणि वापर वाढेल तसा वाढणारा दर तिथे एकत्र आहे. पहिली दोन बिलं फक्त माहितीसाठी द्या, जुन्या पाणीपट्टीचा आकडा शेजारी छापून.

लोरावाला
टेंडरमध्ये आणखी एक कलम: प्रत्येक मीटरची एन्क्रिप्शन की (रीडिंग उलगडायची गुप्त किल्ली) नगरपरिषदेच्या ताब्यात. मीटर क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि की अशी यादी मिळाल्याशिवाय अंतिम देयक काढू नका. नाहीतर कंत्राट संपल्यावर मीटर चालू राहतील आणि रीडिंग मात्र जुन्या ठेकेदारालाच वाचता येईल.