जुन्या क्वालिसचा हायड्रॉलिक क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे?

कुंभार्ली_घाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००३ सालची डिझेल क्वालिस आहे आणि चिपळूण-कराड रस्त्यावर तिची नियमित ये-जा असते. सकाळी गाडी थंड असताना सर्व गिअर सहज पडतात, परंतु घाट चढून गेल्यावर किंवा बाजारातल्या गर्दीत बराच वेळ अडकल्यावर पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. अशा वेळी पॅडल दोन-तीनदा भराभर दाबले की गिअर पडतो. बॉनेटखालच्या, क्लचच्या तेलाच्या डबीतील तेल काळपट झाले आहे, मात्र त्याची पातळी फारशी उतरलेली नाही आणि गाडीखाली ओलही दिसत नाही. मेकॅनिकचे म्हणणे आहे की गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलावा. एवढ्या खर्चात पडण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का?

निवृत्त_फोरमन

ठरवता येईल, आणि ते ठरवल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.

झिजलेली क्लच प्लेट घसरते, म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात उचलत नाही. तुम्ही सांगता ती लक्षणे याच्या नेमकी उलट आहेत. तुमचा क्लच पॅडल दाबल्यावर पूर्णपणे सुटा होत नाही, इंजिनाची फिरकी थोडीशी गिअरबॉक्समध्ये जात राहते, आणि म्हणून गिअर अडतो. पॅडल भराभर दाबल्यावर काम होते, यावरून माझा संशय प्लेटपेक्षा तेलाच्या दाबावर अधिक आहे.

क्वालिसमध्ये स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सुटा करणारा खालचा सिलिंडर, गिअरबॉक्सच्या घंटेच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) बाहेर बसवलेला असतो, हे तुमचे भाग्य समजा. अनेक नव्या गाड्यांत तो आत, इनपुट शाफ्टभोवती असतो आणि त्याला हात लावायचा तरी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि दुसऱ्या व्यक्तीला पॅडल तळापर्यंत दाबून तसेच धरून ठेवायला सांगा. स्वतः खालून स्लेव्हचा दांडा पाहा. दांडा पुढे येऊन फोर्क (क्लच सुटा करणारी तरफ) ढकलतो आणि पॅडल दाबलेलेच असताना हळूहळू मागे सरकू लागतो, असे दिसले तर दाब कोठेतरी निसटतो आहे. बाहेर कोठेच ओल नसेल तर तो मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पॅडलला जोडलेल्या आणि तेलावर दाब देणाऱ्या वरच्या सिलिंडरच्या आतच, पुढच्या रबरी सीलच्या ओठावरून तेल मागे डबीकडे गेल्यामुळे निसटतो. बाहेर थेंब पडत नाही आणि पातळीही उतरत नाही, ती याचमुळे. गाडी तापल्यावर त्रास वाढतो, कारण तेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या ओठाला ते अडवणे आणखी कठीण जाते. ही तपासणी म्हणूनच घाट चढून आल्यावर, गाडी गरम असताना करावी, फक्त सायलेन्सरच्या पाइपापासून हात जपावा.

दांडा मागे येत नाही पण त्याची चालच तोकडी आहे, असे आढळले तर सर्किटमध्ये हवा असू शकते, किंवा पॅडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी पिन व तिचे भोक झिजून निम्मी चाल तिथेच वाया जात असते. जुन्या गाड्यांत हे दुसरे कारण मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याकडे लक्ष देणारा क्वचितच भेटतो. दांडा पूर्ण चालतो, टिकतो, आणि तरीही गिअर करकरतो, तेव्हा मात्र तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे मान्य करावे लागेल. मग फोर्क, प्रेशर प्लेटची बोटे किंवा शाफ्टवर अडकणारी प्लेट यांपैकी काहीतरी आत बिघडलेले असणार.

दहाबाराचा_पाना

वरील तपासणीत एक भर घालतो. स्लेव्हकडे जाणारा रबरी होजही पाहावा. पॅडल दाबताना तो हाताला फुगल्यासारखा लागला तर दाबाचा काही भाग तिथे खर्च होतो. याउलट, होज आतून सुजून चोक झाला असेल तर पॅडल सोडल्यावर तेल वेळेवर परतत नाही आणि क्लच उशिरा पकडतो. वीस वर्षांचा होज बाहेरून धडधाकट दिसला तरी या कामात तो बदलूनच टाकावा. पाइपाचा फ्लेअर नट साध्या फिक्स पान्याने सैल करू नका, त्याचे कोपरे गोल होतात. नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी पकडणारा, पाइपापुरती खाच असलेला रिंग पाना यासाठी मिळतो.

कुंभार्ली_घाट

आपणा दोघांचे आभार. आज गाडी गरम असताना तपासणी केली. दांडा पुढे येतो आणि पॅडल धरून ठेवले असतानाही सावकाश मागे सरकतो. स्लेव्हच्या रबरी टोपीखाली कोरडे आहे, पण पॅडलच्या वर, जिथे मास्टरचा दांडा केबिनमध्ये येतो, तिथे बोटाला किंचित चिकट ओल लागली. आता मास्टरमध्ये केवळ किट (नव्या रबरी सीलांचा संच) टाकावे की पूर्ण सिलिंडर बदलावा? तेल कोणते घ्यावे?

निवृत्त_फोरमन

केबिनच्या बाजूची ओल म्हणजे मागचे सीलही गेले. किट की नवा सिलिंडर, हे बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) पाहूनच ठरते. सिलिंडर उघडा, आतली भिंत स्वच्छ पुसा आणि उजेडात पाहा. भिंत आरशासारखी असेल तर चांगल्या प्रतीचे किट पुरेसे आहे. नखाला खड्डा किंवा ओरखडा जाणवला तर नवे सीलही लवकरच फाटेल, मग पूर्ण सिलिंडरच घ्या. होन (आतली भिंत घासणारे हत्यार) फिरवून खड्डे काढण्याचा सल्ला काही जण देतील. मला तो पटत नाही, कारण बोअर मोठा झाला की सीलची पकड ढिली पडते. मास्टर उघडणारच आहात तर स्लेव्हचेही किट टाका. तेलातले पाणी आणि गाळ सर्वांत खालच्या जागी साचतो, आणि ती जागा स्लेव्ह हीच असते.

रबराचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइलने धुऊ नयेत. ते फुगतात आणि निरुपयोगी होतात. ताजे ब्रेक ऑइलच लावून ते बसवावेत.

तेलाबाबत डबीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला असेल तो पाळावा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, दोन्ही ग्लायकोलवर आधारित आहेत आणि एकमेकांत मिसळतात. सिलिकोनवर आधारित डॉट ५ मात्र यात कधीही घालू नये. ही ग्लायकोलची तेले हवेतला ओलावा शोषतात. डॉट ३ चा कोरड्या अवस्थेतला उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली आलेला चालतो, इतका फरक पडतो. शिवाय तेच पाणी सिलिंडरचा बोअर आतून गंजवते. कोकणातल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलणे हे माझ्या मते किमान आहे.

सह्याद्री_डिझेल

हवा काढताना घाई करू नये. स्लेव्हच्या निपलला (हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवा. साथीदाराने पॅडल सावकाश दाबून धरावे, तुम्ही निपल सैल करावा, तेल आले की घट्ट करावा, आणि त्यानंतरच त्याने पॅडल सोडावे. डबीतले तेल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर हवा पुन्हा आत जाऊन सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

एकट्याने करायचे असेल तर मोठ्या सिरिंजने निपलमधून तेल खालून वर ढकला. हवा मुळातच वर जाऊ पाहते, म्हणून मला हीच पद्धत अधिक पसंत आहे. फक्त डबीतले जुने तेल आधी उपसून ठेवा आणि वरून सांडते का यावर लक्ष असू द्या. रंगावर सांडलेले तेल ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उतरवते. स्लेव्ह सुटा लोंबकळत असताना पॅडल कोणीही दाबू नये, पिस्टन बाहेर उडतो.

दहाबाराचा_पाना

शेवटी पॅडलच्या दांड्याचा लॉकनट पाहून घ्या. नवा मास्टर बसवल्यावर दांडा आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी मोकळीक असायला हवी. ती नसेल तर डबीकडे तेल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, गरम होऊन फुगलेल्या तेलाला जागा मिळत नाही आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहून घाटात घसरू लागतो. तसे झाले तर चांगली असलेली प्लेट खरोखरच जळेल.