नांगर थांबवला की गांडुळं वाढतात, हे कितपत खरं?

खोडवावाला
ऊस तुटला की आमच्याकडे आधी पाचट (उसाचा वाळका पाला) पेटतं, मग बगला फुटतात, म्हणजे सरीच्या बाजू नांगराने फोडतात. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक) निघाला की नांगर, त्यावर रोटाव्हेटर. हेक्टरी ८ ते १० टन पाचट जाळायचं आणि वर गांडूळखताच्या गोण्या विकत आणायच्या! बरं, त्या गोणीतली गांडुळं शेणात, कुजक्या पाल्यात वाढणारी. उघड्या रानात ती टिकत नाहीत. रानातली गांडुळं वेगळी, ती रानातच जपावी लागतात. माझं म्हणणं सरळ आहे : पाचट सरीत ठेवा, मशागत थांबवा.

आबा_सातारकर
आणि हुमणीचं, मुळं खाणाऱ्या त्या अळीचं, काय करायचं? उन्हाळी नांगरटीने अळ्या उघड्या पडतात, बगळे-साळुंक्या टिपून खातात. दुसरं, मे महिन्यात गांडूळ वर असतंच कुठं? ते खाली ओलीत वेटोळं करून पडलेलं असतं. नांगर त्याला कसा मारेल?

खोडवावाला
आबा, कोरडवाहू रानात तुमचं खरं आहे. उसाच्या रानात पाणी चालू असतं, ओल वरच असते आणि गांडूळही वरच. बगळा काय अळी आणि गांडूळ निवडून खातो होय? आणि हुमणीचे भुंगेरे वळवानंतर संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात, ते झाडं हलवून गोळा करता येतात. फक्त गावाने मिळून केलं पाहिजे, तिथंच घोडं अडतं.

माती_वाचक
जगभरच्या प्रयोगांचा एक एकत्रित आढावा २०१७ साली आला होता. विनानांगरटीच्या रानात गांडुळांची संख्या सरासरी दुपटीहून जास्त निघाली. पण सगळ्या जातींना सारखा फटका बसत नाही. पालापाचोळ्यात राहणारी आणि उभी बिळं करून पाला खाली ओढणारी आधी जातात. माती खाऊन जगणारी, आडवी बिळं करणारी नांगरटीतही तग धरतात. गाडलेलं धसकट तर त्यांना खाद्यच होतं. म्हणून नुसता नांगर थांबवला आणि रान उघडंच ठेवलं, तर फार हाती लागत नाही. आधी खाद्य लागतं.

पऱ्हाटी
खाद्य आणायचं कुठून, भाऊ? तुमचा ऊस बागायती. इकडे यवतमाळात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) बैलांना जातं. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळी मुक्कामाला, म्हणून काढून टाका असं कृषी खातंच सांगतं. आच्छादनाचा सल्ला देणाऱ्याने आधी आच्छादन दाखवावं.

माती_वाचक
हा मुद्दा बिनतोड आहे. पिकाच्या दोन ओळींमध्ये बोरू (ताग) किंवा चवळी पेरून फुलोऱ्याआधी कापून तिथंच पसरणं, एवढाच मार्ग मला दिसतो. पाऊस कमी झाला तर तेही पिकाच्या ओलीत वाटेकरी.

भातखाचर
नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) या भातलागवडीच्या पद्धतीत गादीवाफे एकदाच करायचे. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, भाताची मुळं जमिनीतच सोडायची. आम्ही तसंच करतो. पावसाळ्यात वाफ्यावर गांडुळांच्या विष्ठेचे ढीग दिसतात. चिखलणीच्या खाचरात मला ते कधी दिसले नाहीत.

आबा_सातारकर
ताई, त्यात तणनाशक मारतात ना? नांगर वाईट आणि ग्लायफोसेट चांगलं?

भातखाचर
मारतो, काका. लपवत नाही. माणूसबळ असतं तर नसतं मारलं. पण वर्षाला एक फवारणी आणि दर वर्षी सगळी जमीन घुसळणं, यात मला फवारणी कमी वाईट वाटते. सेंद्रियवाल्यांना पटणार नाही, ठीक आहे.

आबा_सातारकर
मला तर नाहीच पटत. आणि पाचटाखाली उंदीर होतात, वाळवी लागते, ते कोणी लिहीत नाही. पाचट कुजतही नाही लवकर.

खोडवावाला
कोरडं ठेवलं तर वाळवी लागणारच. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या, कुजतं. उंदरांचं मान्य, त्रास होतो.

आबा_सातारकर
म्हणजे खर्च माझा, उंदीर माझे. राहू दे. नांगराचं भाडं ठरवून आलोय.