'स्टेबल आहेत, घेऊन जा' म्हटलं की न्यायचंच का?

ओसरी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "डॉक्टर सोडताहेत तरी पेशंट घरी नेत नाहीत, असे नातेवाईक कामचुकार, त्यांच्यामुळे गरजूंना बेड मिळत नाही." डोकंच फिरलं वाचून. नाकात नळी, लघवीची नळी, अर्धं अंग लुळं, माकडहाडावरची कातडी लाल झालेली. अशा माझ्या आईला शुक्रवारी संध्याकाळी "स्टेबल आहेत" म्हणून सोडत होते. बीपी स्थिर म्हणजे घरी सांभाळता येईल असं नव्हे. दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? नाकातल्या नळीतून फीड, म्हणजे पातळ अन्न, देताना डोक्याची बाजू 30 ते 45 अंश वर हवी, ती नळी सरकली असेल तर फीड फुप्फुसात जाऊ शकतं, हे आम्हाला कुणी दाखवलं होतं? मी लेखी दिलं: पेशंटला नाकारत नाही, आजचा डिस्चार्ज नाकारतेय. खाली कारणं लिहिली.

खडूस: तो कुणीतरी मीच. बाहेर स्ट्रेचरवर ताटकळणाऱ्यालाही आई असते. आणि हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित, हे कुणी सांगितलं? तिथलं इन्फेक्शन, पडून पडून झडणारे स्नायू, म्हाताऱ्यांचं रात्री भ्रमिष्टासारखं बडबडणं, हे सगळं मुक्काम वाढला की वाढतं. माझे वडील घरी आल्यावरच माणसात आले.

निशाचर: वडील माणसात आले, पण त्यांचं करत कोण होतं? तुम्ही की बायको? आमच्याकडे दोन्ही भाऊ डॉक्टरांसमोर "हो हो, नेतो" म्हणाले आणि डायपर माझ्या हातात. डिस्चार्जला होकार देणारा एक, रात्री उठणारी दुसरी. यावर बोला की!

खडूस: मीच करत होतो. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवीसुद्धा. दरवेळी पुरुषांना झोडपायचं असेल तर वेगळा धागा काढा.

निशाचर: वा! सत्काराला कधी येऊ? अपवाद दाखवून बाकीच्यांना झाकू नका.

तिरशिंगराव: भाऊ तरी बरे म्हणायचे. आमची परदेशातली बहीण व्हिडिओ कॉलवर "आई वाळलीय गं" एवढं म्हणून फोन ठेवते.

निवृत्त सिस्टर: भावाबहिणींचे हिशेब जरा थांबवा. माझ्या वॉर्डात नातेवाइकाने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने एक फीड दिल्याशिवाय मी पेशंट हलू देत नसे. नुसतं "समजलं ना?" विचारलं की सगळेच मान डोलावतात. आणि कागद नीट वाचा. रक्त पातळ करणारी गोळी बंद केली असेल तर पुन्हा कधी सुरू करायची, जुन्यातल्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या, रात्री दम लागला तर फोन कुणाला, हे लिहिलेलं नसेल तर हलू नका. पण ओसरी, "नेणार नाही" म्हणून फोन बंद करणारेही मी पाहिलेत. खडूस अगदीच हवेत बोलत नाहीत.

ओसरी: मी तिथेच बसून होते, फोन चालू ठेवून. सोमवारी फिजिओने पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवलं, एअर बेड आला, मग नेलं.

खडूस: म्हणजे शेवटी नेलंतच! बरं, शुक्रवारी संध्याकाळी सोडणं चूक, एवढं मान्य. पावती देऊ?

ओसरी: द्या. सहीशिक्क्यासकट.

निशाचर: आणि रात्री कोण उठणार, हा कॉलम डिस्चार्जच्या कागदावर कधी येणार? नावासकट हवा. "नातेवाईक" असं मोघम नको.